सामू

पर्सच्या आतल्या कप्प्यातून, के.एम.टी.च्या गर्दीत दाबून धरून
घरी आणली पिवळ्या कागदाची गुंडाळी.
प्रयोगशाळेत ती मोजून देतात,
तुकड्याला तुकडा, वहीत सही.
आजची माझी सही खोटी होती, एवढं कबूल.

आप्पा मागच्या अंगणात, सुभाषनगरात,
चुन्याच्या टाकीपाशी उकिडवे.
आत म्हशीचं कातडं. केस सुटायला चार दिवस, थंडीत सहा.
पलीकडे दोन पिंपं, बाभळीची साल आणि हिरडा,
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी,
आणि वाशाला टांगलेली, शिवून पिशवी केलेली कातडी
थेंब थेंब गळणारी.

"आप्पा, सामू बघायचाय."
"कोण सामू?"
"कोण नाही. आकडा असतो. पाणी किती आंबट, किती चुन्यागत,
ते सांगतो. शून्यापासून चौदापर्यंत."
"मग तसं म्हण की. मला वाटलं कळंब्याचा सामू आला,
दोनशे नेलेत त्यानं उसने."

"थांबा की, मी बघतो आधी."
(कॉलेजात मी 'बघते' म्हणते.
बस राजारामपुरी ओलांडते तिथं कुठंतरी
माझ्या क्रियापदाचा रंग बदलतो.)

ते थांबले नाहीत.
एका पिंपात बोट, जिभेवर, थू.
दुसऱ्यात बोट, जिभेवर, थू.
"हे नवं, कच्चं हाय अजून. ते जुनं आंबलंय, लई आंबलंय.
आधी जुन्यात घालायचं, मग नव्यात. नायतर वरचीच साल रंगती, आत कोरं."

कागद बुडवला. नवं : पाच.
जुनं : चार.
"एकाचाच तर फरक, आप्पा. लई कुठलं?"
म्हणाले खरी, आणि जीभ चावली.
हेर्लेकर मॅडमचा खडू फळ्यावर वाजला :
एक घर खाली म्हणजे दहापट. दोन घरं म्हणजे शंभर.
बेरीज नाही गं ही, गुणाकार आहे.
आप्पांची जीभ गुणाकारात बोलत होती.
मीच वजाबाकी करून बसले.

मग चुना.
कागद जांभळा झाला, वांग्यासारखा. बारा.
सातापासून बारा, पाच शून्यं, लाखपट,
बोटांवर मोजत होते, तेव्हा आप्पांची बोटं दिसली.
रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, पुसा, परत ठेवा, दुसरा ठेवा.
कितीही पुसला तरी
बाराने खाल्लेल्या रेषा
कुठून आणायच्या?

नळाचं पाणी हिरवट आलं. सात.
"पुस्तकात याला उदासीन म्हणतात."
"उदासीन?" आप्पा हसले. "पाण्याला काय दुःख?"

मी सांगितलं नाही की
ऊर्ध्वपातित पाण्याचं भांडं रात्रभर उघडं राहिलं
तर सकाळी ते सातावर नसतं.
कुणी काही टाकत नाही त्यात. नुसती हवा लागते.
हेही सांगितलं नाही की पहिल्या वर्षी
माझ्या बाकावर दुसरी जागा रिकामी असायची,
आणि मी रिठ्यानं, शिकेकाईनं, लिंबानं
रोज थोडी थोडी उघडी राहत गेले.

तेवढ्यात आप्पांनी एक तुकडा उचलून
थेट जिभेवर ठेवला.
"अहो! तो रंगाचा आहे!"
"माझा बघ की. किती?"
उजेडात धरला. पिवळ्या-हिरव्याच्या मधे कुठंतरी.
"साडेसहा."
"म्हंजे आंबट?"
"जरासा."
"जरासा असावा माणूस," म्हणाले,
आणि कातडं उलटं करायला वाकले.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं :
पाच तुकडे. कारण : वाया.
मग 'वाया' खोडलं.
काय लिहावं ते सुचलं नाही,
मॅडम आल्या, वही मिटली.